सड्यावरच्या वसाहती आणि गावाचा विरोध

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16,96,777 होती. 2011 च्या जनगणनेत ती 16,15,069 भरली. दहा वर्षांत ऐंशी हजारांहून अधिक माणसे कमी झाली. वाड्यावाड्यांतून कुलपे लावलेली घरे दिसतात, ती गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. तरीही दापोली, गुहागर, रत्नागिरी, राजापूर या किनारी तालुक्यांतल्या बंगल्यांच्या भूखंडांच्या, ‘सी-व्ह्यू’ वसाहतींच्या आणि फार्महाऊसच्या जाहिराती मुंबई-पुण्यात सतत दिसतात. ही घरे गावातल्या वाढत्या कुटुंबांसाठी बांधली जात नाहीत. शहरातल्या माणसाचे दुसरे घर किंवा पैसा गुंतवायची जागा म्हणून ती विकली जातात. गाव हरकत घेते तेव्हा तक्रार पाण्याची असते, वाटेची असते, सामाईक जमिनीची असते. पण या सगळ्यांच्या आधीची तक्रार एकच आहे: हे सगळे ठरले तेव्हा गावाला कुणी विचारले नाही.

या वसाहतींसाठी जागा निवडली जाते ती बहुधा सड्यावर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट, उघडे पठार. खाली खाडी किंवा समुद्र, उतारावर आंबा-काजूच्या बागा, तळाशी वाडी आणि मळे, आणि माथ्यावर सडा, अशी रत्नागिरीच्या किनारपट्टीची सर्वसाधारण ठेवण आहे. सड्यावर भातशेती थोडी, म्हणून सातबाऱ्यावर त्याची नोंद पुष्कळदा पोटखराबा म्हणून असते आणि बोलीत त्याला सरसकट ‘पडीक’ म्हटले जाते. विकसकाच्या दृष्टीने हीच जागा सोन्याची: सपाट, स्वस्त, झाडे कमी आणि समुद्राचे दर्शन थेट. गावाच्या दृष्टीने मात्र सडा कधीच पडीक नव्हता. पावसाळ्यात तिथे गुरे चरतात, गवत कापले जाते, शेजारून पाखाड्या आणि पायवाटा एका गावातून दुसऱ्या गावात जातात. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतल्या अशाच कातळावर उक्षी, जांभरुण, कशेळी, देवाचे गोठणे, देवी हसोळ, बारसू आणि रुंढे तळी येथील कातळशिल्पे आहेत. कोकणातल्या या शिल्पसमूहाला 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत स्थान मिळाले. ज्या जमिनीला महसुली कागदाने निरुपयोगी ठरवले तिच्यावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने हत्ती, मासे आणि मनुष्याकृती कोरून ठेवल्या आहेत.

सड्याचे सर्वांत मोठे काम पाण्याचे आहे. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तरी एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांना, विशेषतः धनगरवाड्यांना, टँकरची वाट पाहावी लागते. उतार तीव्र असल्याने बहुतेक पाणी काही तासांत समुद्राला मिळते. जे थोडे मुरते ते जांभ्याच्या भेगांतून आणि पोकळ्यांतून खाली उतरते आणि चिकणमातीच्या थरावर अडून सड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. वाडीच्या विहिरी, पऱ्ह्ये आणि आगरातले पाट या झऱ्यांवर चालतात. सड्यावर जेसीबी फिरवून सपाटीकरण केले, काँक्रीटचे रस्ते आणि फरशा घातल्या, वर कूपनलिका मारल्या, तर त्याचा परिणाम सड्यावर न दिसता खालच्या विहिरीत दिसतो, तोही दोन-तीन उन्हाळ्यांनी. तोवर भूखंड विकून झालेले असतात आणि जबाबदार कोण हे दाखवणे अवघड होते. पोहण्याचा तलाव आणि हिरवळ असलेली वसाहत वर्षातले मोजके आठवडे भरलेली असते, आणि ते आठवडे नेमके मे महिन्यातले, म्हणजे विहिरींनी तळ गाठलेला असतानाचे असतात.

जमीन विकली कशी जाते, हे समजल्याशिवाय विरोधाचे स्वरूप कळत नाही. कोकणात खोती, म्हणजे खोताने गावाचा सारा वसूल करण्याची पद्धत, होती. ती 1949 च्या कायद्याने संपली. 1948 च्या कूळकायद्याने आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने कसणाऱ्या कुळांच्या नावावर जमिनी लागल्या. पण त्या लागल्या त्या कर्त्या पुरुषाच्या नावावर. पुढे वाटण्या कागदावर झाल्याच नाहीत. तीन पिढ्यांनंतर आज एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावे असतात. त्यांतली निम्मी माणसे मुंबईत, काही सुरतेला किंवा बडोद्याला, काही वारलेली. गावात राहून बाग राखणारा एखादाच. हा सामाईक सातबारा गावाचे दुखणे आहे आणि दलालाचे दारही. दलाल गावातल्या माणसाकडे आधी जात नाही. तो लालबाग, परळ किंवा विरारमध्ये राहणाऱ्या एखाद्या चुलतभावाला गाठतो, त्याच्या अविभक्त हिश्श्याचे साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करून घेतो. मुंबईतल्या हिस्सेदाराला ती जमीन कुठे आहे हेही पुष्कळदा ठाऊक नसते. हातात अचानक आलेली रक्कम त्याला मोठी वाटते, आणि त्यात त्याचा दोष काढण्यासारखे फारसे नाही.

त्यानंतर खरेदीखत होते आणि तलाठ्याकडे फेरफार पडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 150 प्रमाणे अशा फेरफाराची नोटीस चावडीवर लावायची असते, हितसंबंधितांना कळवायचे असते आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. गावातला विरोध मोर्चातून सुरू होण्याआधी या पंधरा दिवसांत सुरू होतो, किंवा या पंधरा दिवसांत हुकतो. नोटीस मुंबईच्या जुन्या पत्त्यावर जाते, पत्ता बदललेला असतो आणि नोंद प्रमाणित होऊन जाते. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 22 प्रमाणे वर्ग 1 च्या वारसांपैकी एकाला वारशाने मिळालेला हिस्सा विकायचा असेल, तर बाकीच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. हे कलम शेतजमिनीलाही लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले. या हक्काची माहिती वाड्यांपर्यंत पोचली असती तर पुष्कळ व्यवहार पहिल्या पायरीवरच थांबले असते.

बाहेरच्या खरेदीदाराला अडवणारा कायदा महाराष्ट्रात आहे, असा अनेकांचा समज असतो. कूळकायद्याचे कलम 63 शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन विकायला मनाई करते. पण ते शेतकरी आणि बिगरशेतकरी एवढाच भेद करते, स्थानिक आणि बाहेरचा असा नाही. राज्यात कुठेही शेतजमीन असलेला माणूस रत्नागिरीत कमाल धारणेच्या मर्यादेपर्यंत जमीन घेऊ शकतो. हिमाचल प्रदेशाने 1972 च्या कायद्यात कलम 118 घालून ही वाट बरीच अरुंद केली. उत्तराखंडने 2025 मध्ये हरिद्वार आणि उधमसिंगनगर वगळून उरलेल्या अकरा जिल्ह्यांत राज्याबाहेरच्यांना शेतीची आणि बागायतीची जमीन विकत घेण्यास बंदी केली. डोंगराळ प्रदेश, बाहेर गेलेली तरुण पिढी आणि पर्यटनाचा दाब या तिन्ही बाबतीत कोकणची परिस्थिती त्या राज्यांच्या जवळची आहे. कायदा मात्र देशावरच्या सपाट शेतीचा विचार करून केलेला आहे.

जमीन हातात आल्यावर प्रश्न उरतो अकृषिक वापराचा. पूर्वी प्रत्येक प्रकरणाला जिल्हाधिकाऱ्याची एनए परवानगी लागे. 2017 मध्ये संहितेत 42-ब, 42-क आणि 42-ड ही कलमे आली. मंजूर विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत जो वापर ठरला आहे त्यासाठी, आणि गावठाणापासून दोनशे मीटरच्या आतल्या जमिनीसाठी, वेगळ्या एनए परवानगीची गरज संपली. रूपांतरण कर भरला की पुरे होऊ लागले. गावातल्या गरजू माणसाची घर बांधतानाची ससेहोलपट यामुळे कमी झाली, हे मान्यच केले पाहिजे. पण त्याच दारातून मोठी योजनाही आत येते. शिवाय एका जागी किमान 40 हेक्टर, म्हणजे शंभर एकर जमीन जमवणाऱ्या विकसकासाठी राज्याने 2005-06 मध्ये विशेष नगर वसाहतीचे नियम केले आणि डिसेंबर 2016 मध्ये एकात्मिक नगर वसाहतीचे धोरण आणले. या सगळ्या साखळीत ग्रामपंचायतीचा वाटा उरतो तो नंतर घरपट्टी घेण्याचा, कचरा उचलण्याचा आणि नळाला पाणी का नाही याची उत्तरे देण्याचा.

सर्वांत अन्यायकारक तरतूद पर्यावरणाच्या कायद्यात आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. केंद्राच्या 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. 50 हेक्टर किंवा दीड लाख चौरस मीटर बांधकामाच्या पुढच्या प्रकल्पाची गणना नगर वसाहतीत होते. पण खाण, धरण, औष्णिक वीज केंद्र अशा प्रकल्पांसाठी बंधनकारक असलेली जनसुनावणी बांधकाम प्रकल्पांना आणि नगर वसाहतींना नाही. अधिसूचनेतच त्यांना सूट आहे. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाची जनसुनावणी 16 मे 2010 रोजी माडबनला झाली. तिच्यावर आक्षेप पुष्कळ होते, पण माणसांना निदान उभे राहून बोलता आले. शंभर एकरांची वसाहत सड्यावर येणार असेल तर तेवढीही संधी कायदा देत नाही. आणि जिथे विकसक स्वतः घरे न बांधता केवळ भूखंड पाडून विकतो, क्षेत्र 50 हेक्टरांच्या आत ठेवतो, तिथे या मंजुरीची पायरीही टळते. एकेक घर नंतर एकेक मालक बांधतो. खालच्या विहिरीला मात्र सगळी मिळून एकच वसाहत भेटते.

किनारा आणि घाट यांना काही संरक्षण आहे. सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, पहिली अधिसूचना फेब्रुवारी 1991 ची, सध्याची जानेवारी 2019 ची. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटरांचा पट्टा तिने ना-विकास क्षेत्र म्हणून ठेवला. दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर तो पन्नास मीटरांवर आणला. दुसऱ्या टोकाला सह्याद्री. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने 2011 मध्ये अहवाल दिला, त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांचा वेगळा विचार केला होता. नवी गिरिस्थाने नकोत, सार्वजनिक जमीन खासगी होऊ नये, आणि संवेदनशील क्षेत्राच्या सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात, असे तो सांगतो. डॉ. कस्तुरीरंगन यांच्या गटाने 2013 मध्ये हे क्षेत्र कमी केले. त्यावर आधारलेल्या केंद्राच्या मसुद्यांत संवेदनशील गावांत 20,000 चौरस मीटरवरील बांधकामाला आणि 50 हेक्टरवरील वसाहतींना बंदी सुचवली आहे. मात्र 2024 पर्यंत एकामागून एक सहा मसुदे निघाले, आणि त्यांतली रत्नागिरीची गावे प्रामुख्याने सह्याद्रीकडच्या तालुक्यांतली आहेत. म्हणजे सीआरझेडची हद्द संपल्यापासून घाटाचा पायथा सुरू होईपर्यंतचा सडा दोन्ही संरक्षणांच्या बाहेर राहतो. वसाहती नेमक्या तिथेच येतात.

गाडगीळ अहवालाला कोकणातल्याच अनेक गावांनी विरोध केला होता, हेही इथे नोंदवले पाहिजे. घराची कौले बदलता येणार नाहीत, चिरेखाणी बंद पडतील, आपल्याच बागेतले झाड तोडता येणार नाही, असे लोकांना सांगितले गेले. अहवाल बराच काळ मराठीत नीट पोचलाच नाही. जी गावे त्या वेळी संवेदनशील क्षेत्र नको म्हणाली, त्यांपैकी काहींना पुढे बाहेरची जमीनखरेदी रोखायला हाताशी कोणताही कायदा उरला नाही. त्यांच्यावर विसंगतीचा आरोप होतो. पण दोन्ही वेळी गावाचा आक्षेप एकाच गोष्टीला होता: वरून आलेल्या आणि न विचारता घेतलेल्या निर्णयाला.

मराठी प्रदेशात अशा विरोधाचा सर्वांत मोठा धडा वसईचा आहे. केळीच्या आणि पानवेलीच्या बागा, फुलशेती, विहिरी आणि रहाट यांचा हा तालुका मुंबईची परसबाग होता. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तिथली हरितपट्ट्यातली जमीन मोठ्या प्रमाणावर बांधकामाला खुली करण्याचा निर्णय झाला आणि हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. ‘सुवार्ता’चे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते. पुढे 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. टँकरमाफिया आणि गुंडगिरी यांच्या विरोधात उघडपणे बोलणे त्या काळी वसईत जिवाचा धोका पत्करण्यासारखे होते. ख्रिस्ती, वाडवळ, सामवेदी, आगरी, कोळी अशा सगळ्या समाजांतली माणसे त्या चळवळीत आली. तरीही 1990 मध्ये सिडको नियोजन प्राधिकरण झाले, नालासोपारा आणि विरारच्या पूर्वेला इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या अनेक बेकायदा. 2011 मध्ये वसई-विरार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या 12 लाखांवर गेली होती. पाणीपुरवठा मागे पडला तेव्हा पश्चिमेकडच्या बागायती गावांतल्या विहिरींचे पाणी टँकरने पूर्वेकडच्या इमारतींना विकले गेले आणि किनाऱ्याजवळच्या विहिरी खाऱ्या होऊ लागल्या. 2009 मध्ये महापालिका झाली तेव्हा तिच्यात 53 गावेही घातली गेली. त्याविरुद्ध पुन्हा लढा झाला. 2011 मध्ये सरकारने 29 गावे वगळण्याचे ठरवले, प्रकरण न्यायालयात अडकले, आणि 2024 मध्ये सरकारने ती गावे महापालिकेतच ठेवली. वसईच्या पश्चिम पट्ट्यात आज निर्मळ, भुईगाव, गास, नंदाखाल या बाजूला जी हिरवाई शिल्लक आहे ती या तीन दशकांच्या चिकाटीमुळे आहे. चळवळ हरली असे म्हणणाऱ्यांनी रेल्वेच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे एकदा चालत जावे.

गोव्यात निकाल वेगळा लागला, कारण तिथे माणसांना वेळेवर कळले. ऑगस्ट 2006 मध्ये ‘प्रादेशिक आराखडा 2011’ अधिसूचित झाला आणि त्यात डोंगर, बागा, शेते मोठ्या प्रमाणावर वसाहतींसाठी दाखवलेली आढळली. वास्तुरचनाकारांनी आणि कार्यकर्त्यांनी ते नकाशे गावोगाव नेऊन दाखवले. आपल्या गावाचा डोंगर नकाशावर रंग बदललेला पाहिल्यावर लोकांना वेगळे भाषण द्यावे लागले नाही. डॉ. ऑस्कर रिबेलो यांच्या निमंत्रकपदाखाली गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि काही महिन्यांतच, जानेवारी 2007 मध्ये, प्रतापसिंह राणे यांच्या सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. नव्या आराखड्यासाठी नेमलेल्या कृती दलात चार्ल्स कोरिया होते, आणि गावांकडून सूचना मागवल्या गेल्या. दाब मात्र थांबला नाही. नगर नियोजन कायद्यात 2023 मध्ये 17(2) आणि 2024 मध्ये 39-अ ही कलमे घालून एकेका भूखंडाचे क्षेत्र बदलण्याची सोय झाली. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 17(2) खालचे नियम रद्द केले. सांकवाळसारख्या गावांत मोठ्या गृहप्रकल्पांविरुद्धची आंदोलने 2024 मध्येही चालूच होती.

मुळशी तालुक्यातले लवासा हे उशिरा कळण्याचे उदाहरण. 1996 च्या गिरिस्थान नियमांच्या आधारे वरसगाव धरणाच्या काठावर हे शहर उभे राहिले. आदिवासींच्या आणि लहान शेतकऱ्यांच्या जमिनींचा प्रश्न घेऊन मेधा पाटकर आणि जनआंदोलनांचा राष्ट्रीय समन्वय लढत होते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस काढली ती नोव्हेंबर 2010 मध्ये, डोंगर कापून झाल्यावर. वर्षभराने सशर्त मंजुरी मिळाली, आणि 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. घरे अर्धवट राहिली. जमीन पूर्ववत झाली नाही.

रत्नागिरीत विरोध करणारे गाव एकमुखी असते, असे समजणे चुकीचे ठरेल. भूखंडाच्या कामावर चिरा पुरवणारा, जेसीबी आणि डंपर चालवणारा, राखणदारी करणारा तरुण त्याच वाडीतला असतो. वानर-डुकरांनी बाग नासवलेली, गडी मिळत नाहीत, हापूसचा हंगाम अवकाळीने गेला, अशा वेळी जमीन विकणाऱ्या बागायतदाराला नैतिक प्रवचन देणे सोपे आहे, कर्ज फेडणे सोपे नाही. बौद्धवाडीतल्या ज्या कुटुंबांच्या नावावर मुळात जमीनच नाही, त्यांना विक्रीतून काही मिळत नाही, आणि सड्यावर कुंपण पडले की गुरे आणि सरपण यांची वाट मात्र बंद होते. तोटा सर्वांत आधी त्यांचा होतो आणि सभेत त्यांचा आवाज सर्वांत शेवटी ऐकला जातो. मुंबईतली ग्रामस्थ मंडळे विरोधाला पैसा आणि वकील पुरवतात, पण जमिनी विकणारे हिस्सेदारही त्याच मंडळांत असतात. नाणार आणि बारसूच्या रिफायनरीविरोधी लढ्यात ही सगळी ओढाताण जिल्ह्याने पाहिली. प्रकल्पाची चाहूल लागताच बाहेरच्यांनी तिथे घेतलेल्या जमिनींची चर्चा राज्यभर झाली, आणि गावाआधी नकाशा कुणाला तरी कळतो हा लोकांचा संशय पक्का झाला.

दुसऱ्या घरांचा हा प्रश्न श्रीमंत देशांनाही सुटलेला नाही, पण तिथे काही ठिकाणी लोकांनी मतदानाने मर्यादा घातल्या. स्वित्झर्लंडमध्ये मार्च 2012 च्या सार्वमतात, अगदी थोड्या मताधिक्याने, कोणत्याही गावपालिकेत दुसऱ्या घरांचे प्रमाण 20 टक्क्यांपुढे जाऊ नये असा नियम मंजूर झाला. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हज या मासेमारीच्या गावाने मे 2016 मध्ये नवी घरे फक्त कायम राहणाऱ्यांनाच विकली जावीत असे ठरवले. तिथल्या गावाचे मत कायद्याने बंधनकारक होते. रत्नागिरी जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे बळ इथल्या ग्रामसभेला नाही. वसाहत नको असा तिचा ठराव नियोजन प्राधिकरणाला बांधून ठेवत नाही.

तरीही ग्रामसभेच्या हाती काही साधने आहेत. गुरचरण, पाणंद, देवरहाटी (देवराई) आणि सार्वजनिक विहिरी यांची मोजणी करून हद्दी कायम करून घेता येतात. देवरहाटीची जमीन इथे बऱ्याच ठिकाणी सरकारच्या नावावर आहे, त्यामुळे हे काम वेळेत होणे जरुरीचे आहे. जैवविविधता कायदा 2002 खाली गावाची समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही करता येते. सड्यावरची रानफुले, झरे आणि कातळशिल्पे तिच्यात नोंदली गेली असतील तर पुढे न्यायालयात ‘पडीक’ या शब्दाला कागदाने उत्तर देता येते. मुंबईतल्या हिस्सेदारांचे चालू पत्ते गोळा करणे आणि वाटणीचे दावे मिटवणे हे कंटाळवाणे काम कुठल्याही मोर्चाइतकेच मोलाचे आहे.

या तयारीची गरज आता वाढली आहे. 2024 मध्ये राज्य सरकारने रेवस-रेडी सागरी महामार्गालगत रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या 105 गावांत 13 विकास केंद्रे ठरवली आणि त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. क्षेत्र सुमारे 449 चौरस किलोमीटर. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना कायद्याखाली असे प्राधिकरण आले की बांधकामाच्या परवानग्या त्याच्याकडे जातात. कायद्यानेच प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्या लागतात, आणि दिलेल्या मुदतीत लेखी आलेली हरकतच सुनावणीला धरली जाते. नकाशा इंग्रजीत असतो, गट क्रमांक बारीक अक्षरात असतात, आणि हरकतीची मुदत शेतीच्या हंगामासाठी थांबत नाही. या 105 गावांतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या सड्याचे, झऱ्यांचे आणि वाटांचे नकाशे मराठीत, स्वतःच्या हाताने, आधी करून ठेवले पाहिजेत, म्हणजे आराखडा येईल त्या दिवशी दोन नकाशे शेजारी ठेवून काय बदलले ते गावाला वाचता येईल.